वाचक विचारतात : गटाची किल्ली कोणाकोणाकडे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे : हवेतून चालणारे जाळे, त्यात अनेक माणसे किंवा उपकरणे, आणि सगळ्यांत मिळून एक गुपित. एन्क्रिप्शन कोणते वापरावे, हे जवळपास सगळ्यांनी विचारले आहे. किल्ली किती जणांकडे आहे आणि एखादा गेला की ती कशी बदलायची, हे फार थोड्यांनी. आमच्या मते गटाचे गुपित फुटते ते या दुसऱ्या बाजूने. म्हणून उत्तरांत भर तिच्यावर आहे.

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेत साठेक सदस्य एकच वाय-फाय पासवर्ड वापरतात. राउटरवर डब्ल्यूपीए-२ ही वाय-फाय सुरक्षेची पद्धत आहे. पासवर्ड एक असला तरी प्रत्येकाचे एन्क्रिप्शन वेगळे असते, असे राउटर बसवणाऱ्याने सांगितले. मग एक सदस्य दुसऱ्याचे काही पाहू शकतो का? आणि ज्यांचे सदस्यत्व संपले त्यांचे काय करायचे?

उत्तर : त्यांनी सांगितले ते अर्धे खरे आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून त्यावर ४०९६ वेळा तीच प्रक्रिया केली जाते आणि २५६ बिटांची मुख्य किल्ली तयार होते. ही किल्ली साठही जणांची एकच. पुढे तुमचा फोन जोडला जाताना राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, फोन आपली पाठवतो, त्यांत दोघांचे मॅक पत्ते (उपकरणांचे ओळख-क्रमांक) मिसळतात आणि तुमची सत्रकिल्ली, म्हणजे त्या जोडणीपुरती किल्ली, निघते. ती वेगळी असते हे खरे, पण दोन्ही संख्या आणि दोन्ही पत्ते उघड्यावर जातात. ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने जोडणीच्या वेळी दोघांत होणारे चार संदेश पकडले आहेत, तो तुमची सत्रकिल्ली स्वतः काढू शकतो. त्यासाठी ताटकळत बसावेही लागत नाही. जोडणी तोडण्याचा खोटा संदेश सोडला की फोन तुटतो आणि लगेच पुन्हा जोडला जातो.

मग त्याला दिसते काय? बँकेचे संकेतस्थळ किंवा मेल आपापल्या टीएलएस एन्क्रिप्शनखाली असतात, ते तसेच बंद राहतात. पण कोणत्या संकेतस्थळांची नावे विचारली गेली, प्रिंटरकडे कोणती फाइल गेली, साध्या एचटीटीपीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय, हे वाचता येते.

दुसरी बाब कमी लोकांना ठाऊक असते. राउटर जे सगळ्यांना उद्देशून पाठवतो, ते एका समाईक गटकिल्लीने बंद केलेले असते आणि ती जोडलेल्या प्रत्येक उपकरणाकडे असते. आतला माणूस तीच किल्ली वापरून राउटरच्या नावाने खोटी फ्रेम (हवेतून जाणारे माहितीचे पुडके) सोडू शकतो, उदाहरणार्थ ‘गेटवेचा, म्हणजे इंटरनेटकडे जाण्याच्या दाराचा, पत्ता आता हा’ असे सांगणारा एआरपी संदेश. २०१० मध्ये या दुबळेपणाची ‘होल १९६’ या नावाने चर्चा झाली, कारण मानकाच्या १९६व्या पानावरच त्याची कबुली होती. ही फ्रेम राउटरमधून जातच नाही, थेट हवेतून दुसऱ्या फोनकडे पोहोचते. म्हणून एपी आयसोलेशन (जोडलेल्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी राउटरची सोय) चालू असले तरी तिला अडवत नाही. आयसोलेशन जरूर चालू ठेवा, पण त्यावर विसंबू नका.

उपाय म्हणजे डब्ल्यूपीए-३. यात प्रत्येक जोडणीला नवी किल्ली दोन्ही बाजू मिळून घडवतात. पासवर्ड माहीत असून आणि सगळे संदेश पकडूनही ती तिसऱ्याला काढता येत नाही, आणि पकडलेली माहिती घरी नेऊन पासवर्डचे अंदाज लावत बसण्याची सोयही राहत नाही. जोडणी तोडण्याचे खोटे संदेशही ओळखले जातात, कारण व्यवस्थापन फ्रेम्सचे (जोडणे-तोडणे ठरवणाऱ्या संदेशांचे) संरक्षण यात सक्तीचे आहे. गटकिल्ली मात्र इथेही समाईकच असते.

राउटरमध्ये ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३ मिश्र’ असा पर्याय दिसेल आणि तोच निवडण्याचा मोह होईल. त्यात जुन्या पद्धतीने जोडलेली उपकरणे जुन्याइतकीच उघडी राहतात. शिवाय कोणी त्याच नावाचे फक्त डब्ल्यूपीए-२ चे खोटे केंद्र उभे करून पासवर्डवर अंदाज चालवण्याइतकी सामग्री मिळवू शकतो. त्यापेक्षा डब्ल्यूपीए-३ न चालणाऱ्या उपकरणांची यादी करा, त्यांना वेगळे नाव, वेगळा पासवर्ड आणि वेगळा व्हीलॅन (त्याच राउटरवरचे स्वतंत्र जाळे) द्या, आणि मुख्य नेटवर्क निव्वळ डब्ल्यूपीए-३ ठेवा.

आता गेलेल्या सदस्यांचे. एक जण गेला म्हणून उरलेल्या एकोणसाठ जणांना नवा पासवर्ड कळवायचा, हे कोणी करत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे तोच राहतो. साठ जणांसाठी योग्य रचना म्हणजे एंटरप्राइज पद्धत, म्हणजे रेडियस सर्व्हर (प्रत्येकाची ओळख तपासणारा) आणि प्रत्येकाचे स्वतंत्र खाते. ते जड वाटत असेल तर प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देणारे ॲक्सेस पॉइंट मिळतात. हॉस्टएपीडी या मोकळ्या सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे. एंटरप्राइज लावताना हमखास होणारी चूक म्हणजे फोनवर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ निवडणे. तसे केले की त्याच नावाचे कोणतेही खोटे केंद्र सदस्याची ओळखपत्रे गोळा करू शकते. प्रमाणपत्र देणारी संस्था आणि सर्व्हरचे डोमेन, दोन्ही भरून द्या.

खाते बंद केल्यावर त्या उपकरणाचे चालू सत्रही तोडा, नाहीतर जुनी मुख्य किल्ली लक्षात ठेवलेले राउटर त्याला काही काळ आत घेत राहते. गटकिल्ली बदलण्याची मुदतही पाहा. हॉस्टएपीडीमध्ये एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीवर चालणाऱ्या नेटवर्कसाठी ती मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस असते. ती ३,६०० करा, आणि कोणी बाहेर पडताच किल्ली बदलण्याचा पर्याय असेल तर तोही चालू करा. मात्र मुदत मिनिटावर आणू नका. झोपलेले फोन नव्या किल्लीच्या संदेशाला वेळेत उत्तर देत नाहीत, काही प्रयत्नांनंतर राउटर त्यांना बाहेर काढतो, आणि मग ‘वाय-फाय सारखे तुटते’ अशा तक्रारी येतात.

समाईक पासवर्डच चालवायचा असेल तर तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बदला. ८ ते ६३ अक्षरांची मर्यादा आहे आणि देवनागरी अक्षरे चालत नाहीत. ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेले सहा शब्द सुमारे ७७ बिटांचे बळ देतात, तेवढे पुरे. भिंतीवरच्या क्यूआर कोडमध्ये पासवर्ड जसाच्या तसा लिहिलेला असतो, त्यामुळे कोडचा फोटो गेला की पासवर्ड गेला.

प्रश्न : नेटवर्कचे नाव लपवले आणि मॅक फिल्टर (ठरावीक मॅक पत्त्यांनाच प्रवेश) लावला तर सुरक्षितता वाढते ना?

उत्तर : नाही. नाव लपवले की तुमचे फोनच जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात, म्हणजे खासगीपणा उलट कमी होतो. मॅक पत्ता एन्क्रिप्ट होत नाही, ऐकून उसना घेता येतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपणहून वेगळा बनावट पत्ता दाखवतात, तेव्हा फिल्टरचा त्रास तुमच्याच सदस्यांना होईल.

प्रश्न : आमचा गिर्यारोहणाचा गट हँडसेट वापरतो. त्यात ३८ ‘प्रायव्हसी कोड’ आहेत. कोड लावल्यावर बाहेरच्यांना आमचे बोलणे ऐकू येत नाही, हे बरोबर का?

उत्तर : चूक. कोड म्हणजे तुमच्या आवाजाखाली मिसळलेला एक मंद सूर, ६७.० ते २५०.३ हर्ट्‌झमधला. तो सूर आला तरच तुमच्या हँडसेटचा स्पीकर उघडतो. ज्याने कोड लावलाच नाही त्याला त्या चॅनेलवरचे सगळे ऐकू येते. कोडमुळे तुम्हाला इतरांची बडबड ऐकू येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. एका चॅनेलवर दोन गट वेगवेगळे कोड लावून बोलले तर त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही, पण ते एकमेकांचे बोलणे कापतात.

खरे एन्क्रिप्शन डिजिटल हँडसेटमध्ये मिळते. ते ‘बेसिक’ नको, २५६ बिटांचे एईएस असावे, आणि तुमच्या परवान्यात व त्या पट्ट्यात एन्क्रिप्शनला मुभा आहे का, ते आधी पाहा. हौशी रेडिओच्या पट्ट्यांवर अर्थ लपवणारे संदेश साधारणपणे निषिद्धच असतात. नुसत्या नावावरही भरवसा नको. पोलीस आणि आपत्कालीन सेवांसाठी बनलेल्या टेट्रा प्रणालीतला टीईए-१ हा अल्गोरिदम ८० बिटांची किल्ली आत ३२ बिटांवर आणतो, हे २०२३ मध्ये डच संशोधकांनी उघड केले.

त्याहून मोठा धोका हाताळणीचा. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी केंद्रीय यंत्रणांच्या पी-२५ या डिजिटल पद्धतीच्या रेडिओंचा अभ्यास केला, तेव्हा एन्क्रिप्शनची सोय असूनही संवेदनशील बोलणे उघड्यावर चाललेले आढळले. कुठे बटण चुकीच्या जागी होते, कुठे एकाकडे किल्ली नव्हती म्हणून सगळा गट साध्यावर आला होता, आणि ऐकणाऱ्याला फरक कळतच नव्हता. तेव्हा प्रोग्रॅमिंग करताना खासगी चॅनेल एन्क्रिप्शनला कायमचे बांधून टाका, बटण निकामी करा, आणि उघडा संदेश आला की इशारा वाजेल असे ठेवा. डोंगरात मात्र एक चॅनेल सर्वांसाठी उघडाच असावा. कोणी जखमी झाले तर शेजारच्या अनोळखी गटाला तुमची हाक ऐकू येणे हे गुपितापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

प्रश्न : संस्थेच्या चॅट गटात ३०० जण आहेत. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड’ असे लिहिलेले असते. एवढ्या लोकांत हे चालते कसे? एखाद्याला काढल्यावर नेमके काय बदलते?

उत्तर : व्हॉट्सॲप आणि सिग्नलच्या गटांत प्रत्येक सदस्याचा फोन आपली एक प्रेषक-किल्ली बनवतो आणि ती इतर प्रत्येकाला स्वतंत्र, दोघांपुरत्या बंद वाटेने पोहोचवतो. त्यानंतर संदेश एकदाच एन्क्रिप्ट होतो आणि सर्व्हर त्याच्या प्रती वाटतो. प्रत्येक संदेशानंतर किल्ली हॅशने, म्हणजे उलटे न फिरवता येणाऱ्या गणिताने, एक पाऊल पुढे सरकते आणि मागची पुसली जाते, त्यामुळे आजची किल्ली चोरून कालचे संदेश उघडत नाहीत. संदेशावर पाठवणाऱ्याची सहीही असते, म्हणून एका सदस्याला दुसऱ्याच्या नावाने लिहिता येत नाही.

कोणाला काढले की उरलेल्या २९९ जणांनी आपापली प्रेषक-किल्ली टाकून नवी बनवायची आणि बाकीच्या २९८ जणांना द्यायची. सगळे जण पुन्हा बोलते झाले, तर ८९,१०२ छोटे पुडके एवढे काम. हे ओझे कमी करण्याची कल्पना जुनी आहे : १९९९ च्या आरएफसी २६२७ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात बाद फेरीच्या तक्त्यासारखी किल्ल्यांची रचना मांडली आहे. त्यात १,०२४ जणांतून एक गेला तर १,०२३ ऐवजी १९ एन्क्रिप्टेड किल्ल्या पाठवून भागते, कारण गेलेल्या माणसापासून अंतिम सामन्यापर्यंतच्या वाटेवरच्या दहाच किल्ल्या बदलायच्या असतात. जुलै २०२३ मध्ये आलेले गटसंदेशांचे एमएलएस हे मानक, म्हणजे आरएफसी ९४२०, अशाच झाडासारख्या रचनेवर उभे आहे, फक्त त्यात किल्ल्या वाटणारा मध्यस्थ नको, सदस्यच त्या घडवतात.

आता हे गणित जिथे पुरे पडत नाही तिकडे वळू, कारण ३०० जणांच्या गटात गळती तिथूनच होते. काढलेल्या सदस्याकडे आधी आलेले सगळे संदेश राहतात. आमंत्रणाची लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो, म्हणून भरती झाली की ती रीसेट करा आणि ‘ॲडमिनच्या मंजुरीने प्रवेश’ चालू ठेवा. ३०० पैकी एकाचा क्लाउड बॅकअप एन्क्रिप्ट केलेला नसेल, तर सगळ्या गटाचे बोलणे त्या एका खात्याच्या पासवर्डवर येते. सदस्यांचे जोडलेले संगणकही गटातच आहेत असे धरा. गटात कोण आहे, कोण कधी किती लिहितो, हे सेवा चालवणाऱ्याला एन्क्रिप्शन असूनही समजू शकते. ३०० जणांच्या गटात सूचना द्याव्यात, गुपिते नव्हे. जे खरोखर खासगी आहे त्यासाठी आठ-दहा जणांचा वेगळा गट करा, त्यात ॲप दाखवते ते सुरक्षा क्रमांक समोरासमोर ताडून घ्या आणि संदेश ठरावीक मुदतीने नाहीसे होऊ द्या.

प्रश्न : मोबाइल नेटवर्क नसलेल्या भागासाठी आम्ही मेशटॅस्टिकची लोरा उपकरणे (एकमेकांचे संदेश पुढे ढकलणारे लांब पल्ल्याचे रेडिओ) घेतली. एईएस आहे म्हणजे निर्धास्त राहावे का?

उत्तर : डब्यातून काढलेल्या स्थितीत अजिबात नाही. मूळ चॅनेलची किल्ली जगजाहीर आहे. ३२ बाइटांची यादृच्छिक किल्ली बनवून स्वतःचा चॅनेल करा. तो पहिला ठेवायचा की दुय्यम, हे मात्र विचारपूर्वक ठरवा. पहिल्या चॅनेलच्या नावावरून वारंवारता ठरते, त्यामुळे नाव बदलून तो पहिला केला तर आसपासचे अनोळखी नोड (जाळ्यातली उपकरणे) तुमचे संदेश पुढे ढकलत नाहीत आणि पल्ला घटतो. दुय्यम ठेवला तर पल्ला मिळतो, कारण संदेश पुढे ढकलायला किल्ली लागत नाही. पण तुमच्या नोडची ओळख, आणि चालू असेल तर ठावठिकाणा, उघड्या पहिल्या चॅनेलवर जात राहतो. तिथे स्थान पाठवणे बंद करा.

प्रत्येक संदेशाच्या पाकिटाच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा क्रमांक उघडाच असतो, म्हणजे कोण कोणाशी बोलते ते ऐकणाऱ्याला दिसते. चॅनेलवरच्या संदेशांना सही नसते. किल्ली असलेला कोणीही दुसऱ्याच्या क्रमांकाने बोलू शकतो. आवृत्ती २.५ पासून दोघांमधले थेट संदेश सार्वजनिक किल्ली पद्धतीने (प्रत्येकाची एक जाहीर आणि एक खासगी किल्ली) जातात, म्हणून महत्त्वाचे तसे पाठवा. पडदा नसलेल्या उपकरणांचा ब्लूटूथ पिन मुळात १२३४५६ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. उपकरण हरवले तर सापडणाऱ्याला त्यातून चॅनेलची किल्ली वाचता येते, तेव्हा सर्वांची किल्ली बदला. नवी किल्ली जुन्या चॅनेलवरून पाठवू नका, समोरासमोर द्या.

प्रश्न : २४ संवेदक नोड, प्रत्येकात इएसपी-३२ ही वाय-फायची चिप. सगळे इएसपी-नाऊ ही त्या चिपची थेट संदेश पाठवण्याची पद्धत वापरून ब्रॉडकास्ट (सर्वांना उद्देशून प्रसारण) करतात आणि एक गेटवे ऐकतो. एन्क्रिप्शन चालू केले तर ब्रॉडकास्ट जातच नाही. काय करावे?

उत्तर : इएसपी-नाऊमध्ये ब्रॉडकास्टला एन्क्रिप्शन नाहीच. एन्क्रिप्टेड सोबतीही (नोंदवलेली समोरची उपकरणे) मुळात ७ आणि वाढवून १७ पर्यंतच ठेवता येतात, त्यात २४ बसत नाहीत. म्हणून मजकूर स्वतःच बंद करून पाठवा. इएसपी-आयडीएफ या चिपच्या विकास-साधनाबरोबर येणाऱ्या एम्बेड-टीएलएसमधले एईएस-जीसीएम (मजकूर बंद करून पडताळाही देणारी पद्धत) पुरेसे आहे. पाकीट असे : १ बाइट किल्लीची आवृत्ती, ४ बाइट नोड क्रमांक, ८ बाइट गणक (दर पाकिटाला वाढणारा आकडा), मग बंद मजकूर, शेवटी १६ बाइटांचा पडताळा (पाकीट बदललेले नाही याची खूण). २९ बाइट यात जातात, पहिल्या आवृत्तीच्या २५० बाइटांच्या मर्यादेत २२१ तुमच्यासाठी उरतात. नोड क्रमांक आणि गणक मिळून १२ बाइटांचा नॉन्स (एका किल्लीवर एकदाच वापरायचा आकडा) होतो, तो वेगळा पाठवावा लागत नाही. उघडा माथा पडताळ्यात सामील करायला विसरू नका.

बिघाड हमखास होतो तो गणकात. तो रॅममध्ये ठेवला की बॅटरी बदलताच पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि जुना नॉन्स त्याच किल्लीवर परत वापरला जातो. जीसीएममध्ये याची शिक्षा जबर आहे : दोन मजकुरांतला फरक उघड होतो, आणि पडताळ्याची अंतर्गत किल्ली हाती लागून खोटी पाकिटे बनवता येतात. गाढ झोपेत टिकणारी आरटीसी मेमरीही वीज गेल्यावर टिकत नाही. उपाय सोपा आहे. सुरू होताच फ्लॅशमधला आकडा वाचा, त्यात १,००० मिळवून आधी तो लिहून टाका, आणि मगच मधले हजार आकडे वापरा. ते संपले की पुढचे हजार राखून ठेवा. वीज गेली तर काही आकडे वाया जातील, जाऊ द्या, ६४ बिट संपणार नाहीत. फ्लॅशची झीजही हजारपट कमी होते. गेटवेने प्रत्येक नोडचा शेवटचा गणक जपावा, समान किंवा लहान आला तर पाकीट फेकावे, आणि ही नोंद स्वतःच्याही फ्लॅशमध्ये ठेवावी, नाहीतर गेटवे रीस्टार्ट झाल्यावर जुनी पाकिटे पुन्हा खपतील.

आणि २४ नोडना एकच किल्ली देऊ नका. संवेदकांनी एकमेकांचे ऐकायचे नसताना गटकिल्ली हवी कशाला? गेटवेत एक मुख्य किल्ली ठेवा आणि एचकेडीएफ या किल्लीतून किल्ली काढणाऱ्या पद्धतीने नोड क्रमांकावरून प्रत्येकाची वेगळी किल्ली काढून त्या नोडमध्ये भरा. भिंतीवरून एक नोड कोणी उचलून नेला तर एकच किल्ली जाते आणि गेटवेत तो क्रमांक बंद केला की काम झाले.

गेटवेकडून सर्वांना जाणाऱ्या आज्ञांना मात्र समाईक किल्ली लागते, आणि तिथे कोणताही नोड गेटवेचे सोंग घेऊ शकतो. त्या आज्ञांवर लिबसोडियम हे सॉफ्टवेअर वापरून ईडी-२५५१९ या पद्धतीची ६४ बाइटांची सही करा. नोडमध्ये फक्त सार्वजनिक किल्ली ठेवा, आज्ञेत वाढता गणकही घाला. सहीचे गणित न झेपणाऱ्या लहान चिपसाठी टेस्ला ही पद्धत आहे, २००५ च्या आरएफसी ४०८२ मधली. तिच्यात पडताळ्याची किल्ली थोड्या वेळाने जाहीर केली जाते. युरोपचे गॅलिलिओ दिशादर्शक उपग्रह आपले संदेश खरे असल्याची खूण याच तत्त्वावर देतात. पण तिला घड्याळे जुळलेली लागतात, इएसपी-३२ ला सहीच सोयीची. फ्लॅश एन्क्रिप्शन आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) शेवटी चालू करा, तेही आधी एका फालतू बोर्डावर करून पाहून. त्यात चिपमधले जळणारे ई-फ्यूज (एकदाच वापरता येणारे जोड) परत जोडता येत नाहीत.

प्रश्न : ब्लूटूथ मेशवर चालणारे दिवे बसवले आहेत. एक दिवा बिघडला, तो फेकून दिला. चालेल ना?

उत्तर : तो दिवा पेटत नसला तरी त्याच्या चिपमध्ये जाळ्याची किल्ली शाबूत असू शकते. शक्य असेल तर फेकण्याआधी फॅक्टरी रीसेट करा. बिघडल्यामुळे ते होत नसेल, किंवा दिवा गेलाच असेल, तर ॲपमधून तो नोड नुसता ‘काढून टाकणे’ पुरेसे नाही, किल्ली बदलण्याची प्रक्रिया चालवावी लागते. ती तीन टप्प्यांत होते : आधी नवी किल्ली उरलेल्या प्रत्येक दिव्याला त्याच्या स्वतःच्या उपकरण-किल्लीखाली पोहोचते, मग सगळे नव्या किल्लीने पाठवू लागतात पण जुनीही ऐकतात, आणि शेवटी जुनी पुसली जाते. फेकलेल्या दिव्याला पहिला टप्पाच मिळत नाही, म्हणून तो बाहेर राहतो. त्या काळात मेन स्विच बंद असलेले दिवेही असेच बाहेर राहतात. सुरू करण्याआधी सगळ्या खोल्यांचे स्विच चालू आहेत ना ते पाहा, आणि जे राहून जातील ते रीसेट करून नव्याने जोडा.